उलट्या वळणाचा घेवडा

जुलैत उल्हास नदी आमच्या मांजर्लीच्या अंगणात येऊन गेली आणि जाताना मऊ गाळ ठेवून गेली. आईने कपाळाला हात लावला. मी त्या गाळात घेवडा लावला. वेल वाढली. तिला चढायला सुतळी हवी, म्हणून मी सुतळीचा गुंडा पहिल्या मजल्यावरच्या ग्रिलकडे भिरकावला... आणि वरून आवाज आला,

"मला बांधतेयस का?"

ग्रिलमध्ये एक मुलगा. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात माझा गुंडा. वरच्या सगुणाकाकूंचा भाचा, चेतन — बारवी धरणाकडच्या गावातून दहावीसाठी आत्याकडे आलेला.

"तुला नको, ग्रिलला बांध," मी म्हटलं. त्याने बांधली.

मग रोज संध्याकाळी क्लासहून आले की मी वेलीचा शेंडा सुतळीला गुंडाळायची. देवळात प्रदक्षिणा घालतो ना, अगदी तशी. शुभ वळण तेच, म्हणून आमच्याकडे सगळं त्याच बाजूने फिरतं. वर चेतन पुस्तक घेऊन बसलेला असायचा. पान काही उलटायचं नाही. ते माझ्या लक्षात यायचं... आणि आवडायचंही.

पण सकाळी बघावं तर शेंडा सुटून हवेत लोंबत असायचा. रोज. माझं डोकं फिरलं. सुतळीचं वरचं टोक एकाच माणसाच्या हाताशी. जिन्यात, माझ्या मैत्रिणीसमोर, सोनियासमोर, मी त्याला सुनावलं की रात्री माझी वेल सोडवून फुकटचा टाइमपास करतोस. तो पुस्तक काखेत मारून वर निघून गेला.

त्यानंतर ग्रिल रिकामी.

संध्याकाळी करमेना. वेलीला हात लावावासा वाटेना. आणि एका सकाळी पाहते तर शेंडा आपला आपण सुतळीवर चढलेला. वेढ्यावर वेढे, सगळे प्रदक्षिणेच्या उलट. मी हळूच सोडवून माझ्या बाजूने गुंडाळला. संध्याकाळी परत सुटलेला. सुट्टी होती, दिवसभर मी घरातच होते, कोणी फिरकलंसुद्धा नव्हतं. घेवड्याचं वळणच ते.

माझे कान गरम झाले. श्रावणाची भुरभुर अंगावर घेत मी वर हाक मारली.

"चेतन... सॉरी. वेलच हट्टी आहे."

तो ग्रिलपाशी आला.

"माहितीय. आमच्या मांडवावर पण अशीच चढते."

"मग सांगायचं ना, पहिल्याच दिवशी."

"सांगणार होतो." त्याने सुतळी उगाचच ताणून पाहिली. "पण मग... तू रोज आली नसतीस."

वर्गात सरांनाही बोलू न देणारी मी — सुटलेला शेंडा उलट्या वळणाने गुंडाळायला लागले.

दुसऱ्या दिवशी वेलीला माझी काही गरज नव्हती. ती तिच्या वळणाने मजेत चढत होती. तरी क्लासहून आल्या आल्या मी दप्तरासकट अंगणात. वर तो, पुस्तक उलटं धरून.

"वेल बघायला आलीस?"

"नाही," मी म्हटलं.