मुलगी गैरहजर

"इथंच बस हं. हललीस तर मी तुला कुठं शोधू?"

आईचा आवाज तिला एवढाच आठवत होता. चेहरा फोटोतून उसना घेतलेला, उंची आत्याच्या बोलण्यातून जुळवलेली. आवाज मात्र तिच्या स्वतःच्या आठवणीतला होता. कोर्टाचा लांबलचक व्हरांडा, पाठीला टोचणारा बाक, जमिनीला न टेकणारे पाय, आणि समोरच्या दारातून आत जाता जाता मागे वळून टाकलेलं ते वाक्य. मग दार बंद झालं. पुन्हा उघडलं तेव्हा बाबा आणि आत्या बाहेर आले. त्यांनी तिला उचललं, जिना उतरले, आणि त्यानंतर आई त्यांच्या घरात कधी दिसली नाही.

"मागितलंच नाही तिनं तुला," आत्या सांगायची. "जज्जसाहेबांनी विचारलं, मुलगी हवी का? तर मान खाली घातली आणि निघून गेली." भाजी महाग झाली म्हणावं तशा सुरात आत्या हे बोलायची. पुढे ती कॉलेजात असताना आई गेल्याचा निरोप आला. तेव्हा तिची परीक्षा चालू होती. बाबा एकटेच जाऊन आले आणि तिला नंतर सांगितलं. न मागितलेल्या मुलीनं रडावं तरी कोणत्या हक्कानं? ती रडली नाही. ते रडू तसंच कुठंतरी आत राहिलं, घडी घातलेल्या कपड्यासारखं, न वापरता विरत.

आता ती पंचेचाळिशीची झाली होती. बाजारपेठेत चष्म्याचं छोटं दुकान होतं. सगळा रस्ता तिला चष्मेवालीच म्हणे. लोकांचे नंबर काढायचे, काचा घासायच्या, केसाएवढे स्क्रू बसवायचे. दिवसभर दुसऱ्यांना दिसावं म्हणून झटायचं. या हिवाळ्यात बाबा गेले, आणि त्यांच्या मागे घर इतकं गप्प झालं की तो जुना आवाज रोज ऐकू येऊ लागला. मान खाली घालण्याआधी आई काही तरी बोलली असेलच ना? कोर्टात बोललेलं लिहून ठेवतात. ते कागद कुणालाही अर्ज करून बघता येतात, असं एका गिऱ्हाइकानं सांगितलं, आणि तिनं दुकानाला कुलूप घातलं.

"कोर्टात? कशाला?" आत्यानं चहाचा कप खाली ठेवला. "मेलेल्यांची भांडणं उकरून काय मिळणारे तुला?"

"भांडायचं नाहीये. नुसतं वाचून येते."

"वाचायला घरात पेपर येतो की. तोसुद्धा मीच वाचते." आत्या हसली, पण खाली ठेवलेला कप तिनं पुन्हा उचलला नाही.

जिल्हा न्यायालयाच्या नव्या इमारतीत कागदांच्या नकला देणारी खिडकी होती. आतल्या बाईंनी वर न बघताच विचारलं, "केस नंबर?"

"तोच शोधायला आलेय."

"नंबराशिवाय फाईल मिळत नाही."

"आणि नंबर कुठं मिळेल?"

"फाईलवर असतो."

मागच्या माणसानं फिस्सकन हसू सोडलं. तेव्हा बाईंना दया आली. "मागच्या जुन्या इमारतीत जा. तळमजला, रेकॉर्ड रूम. निकाली निघालेली सगळी जुनी प्रकरणं तिथंच जातात."

रेकॉर्ड रूममध्ये दिवसाही दिवे लागलेले होते. छतापर्यंत लोखंडी मांडण्या, त्यांवर कापडात बांधलेले गठ्ठे, आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास. इतक्या माणसांची भांडणं एका खोलीत, आणि चूं की चां नाही. रेकॉर्डकीपर तिथं एका टेबलामागे बसून नाक कागदाला लावून वाचत होता. त्याच्या चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली होती.

"आणा इकडे," ती न राहवून म्हणाली. पर्समधला बारका स्क्रूड्रायव्हर काढून तिनं उभ्या उभ्या काडी बसवून दिली.

चष्मा डोळ्यांवर चढवून त्यानं तिच्याकडे पाहिलं. "अरे वा! तुम्ही दिसायला लागलात की. बोला, कुणाचं भांडण हवंय?"

तिनं साल सांगितलं, आईबाबांची नावं सांगितली, भांडण आपल्या ताब्याचं होतं तेही सांगितलं. त्यानं सूचीच्या वह्या उतरवल्या. बाबांच्या नावावर काही नव्हतं. आईच्या नावावरही नव्हतं. पुढची-मागची सालं चाळून झाली.

"मुलाचा ताबा होता म्हणालात ना?" त्यानं कपाळावर हात मारला. "मग आपण उगाच मोठ्यांच्या मागे लागलोय. पालकत्वाचं प्रकरण मुलाच्या नावावर नोंदतात. आईबाप अर्जात येतात, पण प्रकरण मुलाचं. तुमचं नाव सांगा."

आपल्या नावावर एक खटला आहे, ही कल्पनाच तिला कधी शिवली नव्हती. तिनं नाव सांगितलं. तेही वह्यांत सापडलं नाही.

रेकॉर्डकीपरनं वही मिटली. "या वह्या निकाली प्रकरणांच्या. म्हणजे तुमचं निकाली निघालेलंच नाही."

"अहो, जवळजवळ चाळीस वर्षं झाली."

"चाळीस म्हणजे काय हो, आमच्याकडे खटले पेन्शनीत निघतात." तो हसला. "नव्या इमारतीत शिरल्याबरोबर मशीन आहे. तिथं नाव टाका. चालू प्रकरणं त्यात दिसतात. दिसलं तर."

दिसलं.

पडद्यावर तिचं नाव आलं, लग्नकार्याच्या पत्रिकेत कधी न छापलेलं, संपूर्ण. त्यापुढे 'अज्ञान'. सज्ञान न झालेल्या मुलाला कायदा हाच शब्द वापरतो. खाली: सद्यस्थिती, प्रलंबित. कोर्टाच्या खोलीचा क्रमांक. कामाचा टप्पा: मुलीस हजर करणे. पुढील तारीख म्हणून आजचीच तारीख होती.

मागं उभा असलेला माणूस म्हणाला, "झालं का, ताई?" ती बाजूला झाली. संगणकात कुणीतरी जुनं काही भरताना चूक केली असणार. ती चूक आहे हेच बघून येऊ, असं स्वतःला बजावत ती जिना चढली.

व्हरांडा तिनं ओळखला नाही. रंग नवा होता, बाक प्लॅस्टिकचे होते. खोलीत साहेबांची खुर्ची रिकामी. जेवणाची सुट्टी होती. पुढच्या टेबलाशी एक तरुण कोर्ट-क्लार्क डबा खात होती. तिनं पोळीचा हात पुसून फाईल काढली. फाईल चांगलीच जाड होती.

"तुम्ही पक्षकार ना? मग बघा की इथं बसून. हे प्रकरण मला माहितेय. त्या बाई येतात ना दर तारखेला."

"कोण बाई?"

"अर्जदार बाई. शेवटच्या बाकावर बसतात. कधी कटकट नाही, घाई नाही. तारीख पडली की नमस्कार करून जातात."

चष्मेवालीनं शेवटच्या बाकाकडे पाहिलं. "दिसायला कशा आहेत?"

क्लार्कनं तिचा चेहरा नीट न्याहाळला. मग मोकळेपणानं म्हणाली, "तुमच्यासारख्याच की हो. नाक तर तेच. तुमच्यापेक्षा लहान आहेत पण, बऱ्याच. धाकटी बहीण का?"

तिनं फाईल उघडली.

सगळ्यात खालचा कागद तपकिरी होता, कडा खाल्लेल्या. शाईतलं तिरकं अक्षर. 'अंतिम निकाल लागेपर्यंत मुलगी तात्पुरती वडिलांकडे राहील.' म्हणजे त्या दिवशी काहीच ठरलं नव्हतं. शाळा, परीक्षा, दुकान, आत्याच्या हातचा चहा, सगळंच निकाल लागेपर्यंतचं.

त्यावर रोजनामा रचलेला होता. दर तारखेला काय घडलं याची दोन-दोन ओळींची नोंद. 'अर्जदार आई हजर. विरुद्धपक्ष गैरहजर. मुलगी गैरहजर. मुलीस हजर करण्यासाठी पुढील तारीख.' ती पान उलटत गेली. अक्षरं बदलली, शाई जाऊन बॉलपेन आलं, मग टाइप, मग छपाई. कागद तपकिरीचा पिवळा झाला, पिवळ्याचा पांढरा. ओळ तीच राहिली. 'आई हजर. मुलगी गैरहजर.' जात्यावर एकच ओवी कुणी दळण संपेपर्यंत म्हणत राहावं, तशी. पावसाळे आले असतील, उन्हाळे आले असतील. घरी तिची उंची वाढत होती, दात पडून नवे येत होते, आणि इथं कुणी तरी शेवटच्या बाकावर बसून दाराकडे बघत होतं.

तिनं तिच्या परीक्षेचं साल शोधलं. बोट त्या महिन्यावर थांबलं.

'अर्जदार आई गैरहजर.'

सबंध फाईलमध्ये तेवढी एकच. त्याच्या वरच्या कागदावर पुढच्या महिन्याची नोंद होती:

'अर्जदार आई हजर. मागील तारखेस येऊ न शकल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली.'

खिडकीबाहेर गाड्यांचे हॉर्न वाजत होते. क्लार्क डब्याचं झाकण लावत होती. फाईलवर थेंब पडू नये म्हणून चष्मेवालीनं मान मागं घेतली.

प्रत्येक नोंदीमागे नोटिशीची पोचपावती टाचलेली होती. मुलीला हजर राहण्याची नोटीस, पत्ता घराचाच. खाली नोटीस घरी पोचवणाऱ्या बेलिफाचा शेरा, 'घरातील वडीलधाऱ्या स्त्रीने घेतली.' आणि सही. ठसठशीत, मग थोडी थरथरती, अलीकडची तर वाळलेल्या पानासारखी चुरगळलेली. आत्याची सही तिला डोळे मिटूनही ओळखता आली असती.

साहेब आले. सगळे उठले, बसले. एक-दोन कामं झाली. मग पट्टेवाल्यानं तिचं नाव पुकारलं.

ती उभी राहिली.

"अर्जदार?" साहेब फाईलमध्ये बघत म्हणाले.

मागे, शेवटच्या बाकाची फळी करकरली. कुणीतरी उठलं होतं.

"मुलगी?"

"मी," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. बारीक, गुडघ्याएवढ्या उंचीवरून आल्यासारखा.

आता साहेब वर बघतील, तिचे पिकलेले केस बघतील आणि सगळी खोली हसेल, याची ती वाट पाहत राहिली. साहेबांनी वर पाहिलं. नजर तिच्या कमरेपाशी येऊन थांबली, जिथं लहान मुलाचा चेहरा असतो. ते मंद हसले.

"घाबरू नकोस, बाळ. आईबरोबर जायचंय का?"

तिला मागं वळायचं होतं. मान वळेना. मानेमागे अगदी जवळ कुणाचा तरी श्वास होता, जिने चढून आल्यासारखा, दमलेला. मग केसांत बोटं फिरली. विस्कटलेला भांग एका हातानं सारखा केला.

तिनं मान हलवली. हो.

"मुलगी हजर," साहेबांनी सांगितलं, क्लार्कनं टाइप केलं. "ताबा आईकडे. प्रकरण निकाली."

ती वळली तेव्हा शेवटचा बाक रिकामा होता.

"सुटलात बाई," क्लार्क हळूच म्हणाली. "नाही तर आमच्याकडे कुणाचं इतक्या पटकन होत नाही."

"त्या कुठं गेल्या?"

"निघाल्या की आत्ताच, तुमच्या समोरून. खूप खूश होत्या. घरचा पत्ता लिहून देऊ का विचारलं, तर म्हणाल्या, नको, माहितेय."

घरी जाताना तिनं रिक्षा केली नाही. पाय नुसते ओढ घेत होते. भीती होती, नाही असं नाही. पण भीतीच्या पुढं दुसरंच काही धावत होतं, शाळा सुटल्यावर फाटकाशी उभं असलेलं माणूस दुरून दिसल्यावर धावावं तसं.

आत्या दाराबाहेर पायरीवर बसली होती. पायात चपला नव्हत्या. दुपार कलली होती, आणि तिच्यामागचं दार नुसतं लोटलेलं होतं.

"आत्या, बाहेर का बसलीस?"

आत्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. एरवी तिच्याकडे एखादं टोचणारं उत्तर तयार असायचं. आज ती मागच्या दाराचा कानोसा घेत होती.

"कडी मी आतून लावली होती," ती अखेर म्हणाली. "नेहमी लावते. कागद घेऊन माणूस येऊन गेला, की तारखेच्या दिवशी संध्याकाळी ती यायची. दार वाजवायची नाही. नुसता हात टेकून उभी राहायची. मी आतल्या बाजूनं कडी धरून. तू आत अभ्यास करत असायचीस. ती वारल्याचं कळलं ना, तेव्हा देवाशपथ सांगते, वाटलं, सुटले. तर पुढच्या महिन्यात पुन्हा."

"आणि आज?"

"आज कडी निघाली. आपोआप. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही तिनं. बाजूनं आत गेली, घरच्यासारखी."

दारामागे ताट मांडल्याचा आवाज झाला. मग दुसरं. दोघी तिसऱ्याची वाट बघत थांबल्या. ते वाजलं नाही.

आत्यानं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

"मागितलं होतं गं तिनं तुला," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी. पायावर डोकं ठेवून मागितलं होतं, माझ्या."