अमरेशची टेप

विश्वास ठेवा, नाहीतर ठेवू नका. हे मी समोर बसून ऐकलंय, त्यामुळे कुणाला पटवून द्यायची मला हौस नाही.

भूकंपाला पाच वर्षं होत आली होती. मे महिना. लातूरमधलं आमचं भाड्याचं घर, आणि टळटळीत दुपार.

माझे मिस्टर श्रीनाथ एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचे. तेव्हा लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले होते. सकाळची बॅच संपवून घरी आले की ह्यांचा रियाज सुरू.

कशाचा? तर डबल बेसचा!

माणसाच्या उंचीचं, चार जाड तारांचं लाकडी धूड. उभं राहून बोटांनी छेडायचं. हैदराबादेत शिकताना हॉटेलच्या बँडवाल्यांकडून जुनं घेतलेलं. मी त्याला सवत म्हणायचे.

पण बेस एकटा वाजवला तर नुसतं धुम्म धुम्म. बरोबर कुणीतरी लागतं.

ह्यांच्याबरोबर अमरेश होता. कॉलेजपासूनचा जिवलग मित्र, पियानो वाजवणारा. ह्यांच्या रियाजासाठी त्याने एक कॅसेट भरून दिली होती. जॅझच्या चाली, नुसत्या पियानोवर. बेसची जागा मुद्दाम मोकळी ठेवलेली. प्रत्येक चालीआधी त्याचा आवाज... "हां श्री, चल. वन, टू, थ्री, फोर."

अमरेश भूकंपात गेला. गणपती विसर्जनासाठी किल्लारीजवळच्या आपल्या गावी आला होता.

त्या दुपारी त्याची आई, गौरम्मा, पुनर्वसनातल्या नव्या गावाहून एसटीने आमच्याकडे आल्या. कपाळाला भस्म, पायाला धूळ.

"शिरीनाथ, अमरेशचा आवाज कशात भरल्याला हाय का रं? फोटू समदे ढिगाऱ्यात गेले. तोंड आठवतंय, पर आवाज इसरून राहिले मी."

हे म्हणाले, "नाही काकू. असती टेप, तर दिलीच असती."

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. टेप तर रेकॉर्डरमध्येच होती. मी ट्रे त्यांच्यापुढे ठेवला.

त्या गेल्यावर मात्र मी फाडफाड बोलले. हे पुटपुटले, "एकच टेप आहे गं. ती गेली तर ह्या गावात माझ्याबरोबर कोण वाजवणार? कॉपी काढतो, मग देतो."

दुसऱ्या दुपारी ह्यांनी बटण दाबलं. खरखर... मग एकदम पियानो.

अमरेशचा आवाज नव्हता.

चुकून पुसलं गेलं म्हणावं, तर कॅसेटवर पुन्हा काही भरता येऊ नये म्हणून तिची मागची पाती अमरेशनेच मोडून दिली होती.

"आजच्या आज नेऊन द्या," मी म्हटलं.

"उद्या. आज शेवटचं वाजवतो."

असं रोजच शेवटचं होत गेलं. कॉपी काढायला टाकली, तर कोरी आली. आणि रोज टेपवरचा पियानो थोडा थोडा कमी... आधी डाव्या हाताचे सूर गेले. मग मधलेच तुकडे.

स्वयंपाकघरात मलाही ते ऐकू यायचं. तरी हे थांबत नव्हते. खरं सांगू? मीही ह्यांचा हात धरला नाही. कॅसेट पर्समध्ये टाकून मी एसटीत बसू शकले असते.

एका दुपारी पियानोचा एकच सूर उरला. वाजायचा... थांबायचा... बराच वेळ थांबून पुन्हा वाजायचा.

ह्यांना रडू फुटलं. आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी निघालो.

गौरम्मांकडे टेपरेकॉर्डर नव्हता. शेजारची पंचशीला आपला घेऊन आली.

हे मान खाली घालून म्हणाले, "काकू, मी खोटं बोललो. टेप होती. पण आता तिच्यात फारसं काही उरलं नाही."

त्या रागावल्या नाहीत. "लाव," म्हणाल्या. अगदी स्पीकरजवळ सरकून बसल्या.

खरखर...

मग... धुम्म. धुम्म. धुम्म.

बेस.

ह्यांचाच. घाईत निसटणारी बोटं, नेहमीच्या चुका, सगळं तसंच. ह्यांचा बेस कधी कुणी रेकॉर्ड केलाच नव्हता.

दोन्ही बाजू ऐकल्या. पियानोचा तो एक सूरही नाही.

गौरम्मांनी शांतपणे ह्यांच्याकडे पाहिलं.

"ह्यो तर तू हायस, शिरीनाथ. माजा अमरेश कुठंय रं?"

 

टेप त्यांनी ठेवून घेतली. पंचशीला भेटली की सांगायची, रोज दुपारी माझ्या टेपरेकॉर्डरवर लावून बसत्यात. काही ऐकू येतं का विचारलं, तर म्हणत्यात, "मधी मधी जागा सोडल्याली हाय नव्हं. तितं त्यो येईल."

गौरम्मा गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. मरेपर्यंत त्या ती टेप ऐकत होत्या.

शेवटी त्यांना आवाज आला का, हे पंचशीलाला विचारायचं माझं अजून धाडस होत नाही...