कोरं तिकीट

रेकॉर्ड धुताना ती नळाखाली धरू नये. मधल्या कागदी लेबलाला पाणी लागलं की संपलं. मी ती आडवी ठेवतो, खाचांच्या दिशेने मऊ ब्रश गोल फिरवतो आणि मग मलमलच्या कापडाने टिपून घेतो. पुसत नाही, टिपतो. माझी रविवारची दुपार यातच जाते. ताई म्हणते, "एवढ्या प्रेमाने स्वतःचं तोंड धुतलं असतंस ना, तर आज घरात सून असती."

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. शेजारच्या इमारतीत राहते. रोज दुपारी आईसाठी डबा घेऊन येते आणि जाताना मला दोन शब्द ऐकवून जाते. आई माझ्याजवळ असते. पडल्यापासून ती अंथरुणातच आहे, पण डोकं माझ्यापेक्षा तल्लख. तिचा पलंग गल्लीकडच्या खिडकीला लागून आहे. ती खिडकी आमच्या घरात कधीच लावत नाहीत, कडाक्याच्या थंडीतसुद्धा. का, ते येईलच.

मी दातांच्या कवळ्या बनवतो. डॉक्टर ठसे पाठवतात, मी साचे करतो, साच्यातून दात काढतो. तेव्हा साच्याबद्दल मला कोणी शिकवू नये. एका साच्यातून निघालेल्या दोन वस्तू सारख्याच असतात, आणि रेकॉर्डही साच्यातच दाबून काढतात. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी मला वेड्यात काढायला नको.

मी फक्त एका बँडच्या वस्तू जमवतो. चौघांचा बँड: दोघे गिटारवाले, एक ड्रमवाला आणि एक गाणारा, जो गाता गाता मध्येच हसायचा. त्यांच्या सगळ्या रेकॉर्ड, पोस्टरं, बिल्ले, अगदी त्यांच्या ड्रमवाल्याने मोडून फेकलेली एक काठीसुद्धा माझ्याकडे आहे. पण हे वेड मुळात माझं नव्हे. ते दादाचं.

दादा माझ्याहून बराच मोठा. एक खांदा पाडून चालायचा. कामावरून येताना गल्लीच्या टोकाला आला की दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायचा. लांब, आणि शेवटी वर चढत जाणारी. ती ऐकली की आई हातातला चमचा खिडकीच्या गजावर दोनदा वाजवायची. म्हणजे ये, दार उघडं आहे. मला ती शिट्टी शिकवायला दादाने जिवाचं रान केलं. "जीभ मागे दुमड, येड्या. दुमड आणि फुंक." माझ्या तोंडून नुसती हवा यायची. "याच्या तोंडातून फक्त तक्रारी निघतात," असं म्हणून तो खो खो हसायचा.

बँड आमच्या शहरात एकदाच आला. दादाने दोन तिकिटं काढली, एक त्याचं आणि एक माझं. आणि नेमका मला गोवर निघाला. मी रडून घर डोक्यावर घेतलं, पण आई बधली नाही. दादाने माझं तिकीट माझ्या उशाखाली ठेवलं. "ठेव जपून. पुढच्या वेळी नेतो, आईशप्पथ." मग तो एकटाच गेला.

तो परत आलाच नाही.

पोलीस झाले, दवाखाने झाले, वर्तमानपत्रात फोटो देऊन झाला. तिथे भेटलेले त्याचे मित्र म्हणाले, शेवटच्या गाण्यापर्यंत तो आमच्या पुढेच उभा होता, टाळ्या वाजवत होता. मग दारं उघडली, गर्दी झाली. त्यापुढे कोणालाच काही सांगता आलं नाही. आईने खिडकी उघडी ठेवली ती तेव्हापासून.

त्याच कार्यक्रमाची पुढे लाइव्ह रेकॉर्ड निघाली. शेवटचं गाणं संपतं, टाळ्यांचा पाऊस पडतो, आणि आवाज हळूहळू विरत जाताना त्या टाळ्यांच्या खालून एक शिट्टी येते. लांब, शेवटी वर चढत जाणारी. पहिल्यांदा ऐकली तेव्हा आईच्या हातातलं भांडं पडलं.

तिने एकच विचारलं. "पुढे काय?"

पुढे काही नव्हतं. तिथेच रेकॉर्ड संपायची. पण प्रत्येक देशातली आवृत्ती टाळ्या वेगळ्या ठिकाणी कापते. कुठे शिट्टीच्या आधी, कुठे शिट्टीनंतर दोन श्वास. लोक गाण्यांसाठी रेकॉर्ड जमवतात, मी त्या टाळ्यांच्या शेपट्या जमवत आलो. कुठल्या तरी आवृत्तीत पुढचं असेल. खुर्च्या सरकल्याचा आवाज, त्याला कोणी मारलेली हाक, काहीही. आईला जाण्याआधी एवढं कळायला हवं, बस्स. आणि आई आता थकत चालली होती.

गेल्या महिन्यात सुईवाल्याचा फोन आला. जुन्या रेकॉर्ड आणि प्लेअरच्या सुया विकतो, म्हणून आम्ही त्याला सुईवाला म्हणतो. महाबेरकी माणूस, पण कान सोन्याचे. "चाचणी प्रत मिळालीय," तो म्हणाला. कारखान्यात रेकॉर्ड छापायला घेण्याआधी तपासायला म्हणून दोनचार प्रती दाबतात, कोऱ्या पांढऱ्या लेबलाच्या. तीच ही. "टाळ्या कापलेल्या नाहीत. मी वाजवली नाही, पण खाचा बघ, पार लेबलापर्यंत भरल्यात."

माझ्या तोंडाला पाणी सुटलं. "काय घेशील?"

"पैसे नकोत. तुझं ते तिकीट दे."

आता हे जमवणाऱ्यालाच कळेल. कार्यक्रमाला गेलेल्यांची तिकिटं दारावर फाडून अर्धी घेतात. पूर्ण तिकीट फक्त न गेलेल्याकडे राहतं, आणि न गेलेला ते कशाला जपतोय? त्या कार्यक्रमाचं न फाडलेलं तिकीट माझ्याशिवाय कोणाकडेही नव्हतं. मी दोन दिवस घुटमळलो.

आई म्हणाली, "अरे छोट्या, तिकीट काय चाटायचंय? देऊन टाक."

दिलं. सुईवाल्याने ते भिंगाखाली उलटसुलट पाहिलं, प्लॅस्टिकच्या पाकिटात सरकवलं आणि लहान मुलासारखा हसला. कोरं करकरीत होतं. हे मी पुन्हा सांगतो. कोरं करकरीत होतं.

रविवारी दुपारी मी चाचणी प्रत धुतली. बाहेर पांढुरकं ऊन होतं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. आईला उशांना टेकवून बसवलं, तिच्या हातात चहाचा कप दिला. ताई यायची होती.

"सगळी गाणी नको ऐकवूस हं," आई म्हणाली. "ढॅण ढॅण नुसती. शेवटाला आण."

मी सुई शेवटच्या गाण्यावर ठेवली. तो गाणारा गायला, मध्येच हसला. गाणं संपलं. टाळ्या. मी श्वास रोखून बसलो.

शिट्टी आली. नेहमीपेक्षा स्वच्छ. आणि टाळ्या विरल्या नाहीत.

त्या आपोआप ओसरत गेल्या, खऱ्या सभागृहात ओसरतात तशा. खुर्च्या सरकल्या. कोणीतरी खोकलं. दारं उघडल्यावर येतो तसा थंड हवेचा झोत आवाजातसुद्धा जाणवला. मग पावलं, खूप पावलं, आणि मग हळूहळू कमी पावलं.

मी रेकॉर्डकडे पाहिलं. सुई खाचा संपवून लेबलाजवळच्या शेवटच्या रिकाम्या चरात आली होती. तिथे काही कोरलेलं नसतं. सुई तिथल्या तिथे गोल फिरते आणि फक्त टक टक ऐकू येतं. टक टक येत नव्हतं. एकाच माणसाची पावलं येत होती. एक पाऊल दमदार, एक जरासं ओढलेलं. खांदा पाडून चालणाऱ्याचं.

"मायक्रोफोन स्टेजवर होता," मी म्हणालो. कोणाला म्हणालो कोण जाणे. "रस्त्यावर नव्हता."

"गप्प बस," आई म्हणाली.

पावलं चालत राहिली. मला गुंगी येत होती. पडद्यातून आलेलं ऊन जमिनीवर दुधासारखं सांडलं होतं आणि त्यात धूळ तरंगत होती. एक कुत्रं दोनदा भुंकलं. मग लोखंडी शटर करकरत खाली आलं, शेवटी अडकून, धप्पकन. ते शटर मी ओळखलं. ते आमच्या खालच्या बेकरीचं होतं. तिथे आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, आणि त्याला काचेचं दार आहे.

मी सुईकडे हात नेला.

"उचलू नकोस," आई म्हणाली. "येऊ दे त्याला."

शिट्टी वाजली. आता ती सभागृहात नव्हती. ती गल्लीच्या टोकाला होती. ती स्पीकरमधून आली की खिडकीतून, हे मला आजही सांगता येणार नाही.

आईने कपातला चमचा घेतला आणि खिडकीच्या गजावर वाजवला. दोनदा.

जिन्यावर पावलं आली. तिसरी पायरी डुगडुगली. ती पायरी आम्ही कधीच दुरुस्त करून घेतली होती.

रेकॉर्डमध्ये दार उघडलं.

"हात धू आधी," आईचा आवाज म्हणाला. तरुण, खणखणीत. पलंगावरच्या आईचे ओठ मिटलेले होते. ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझ्याही. मला इतका आनंद झाला होता की भीतीला जागाच उरली नव्हती. दादा आला होता. त्या रात्री दादा घरी आला होता.

"आई," दादाचा आवाज म्हणाला. धापा टाकत. "छोट्या आला का गं?"

"छोट्या? तो तर तुझ्याबरोबर होता ना?"

"होता. माझ्याच बरोबर होता. दारात गर्दी झाली आणि हात सुटला."

मग तरुण आई म्हणाली, "खिडकी उघडी ठेव."

मी सुई उचलली. सुई खरवडत गेली. खोलीत एकदम दुपार झाली. घड्याळ, नळ, एक माशी.

"आई," मी म्हणालो. "मी गेलोच नव्हतो. मला गोवर निघाला होता."

आईने पदराने डोळे टिपले. माझ्याकडे पाहिलं. स्वच्छ, तल्लख नजर.

"झालं का हो तुमचं काम?" ती म्हणाली. "नीट वाजतंय आता मशीन. बसा जरा, माझा मोठा मुलगा येईल इतक्यात. पुढचं तो बघेल."

आयुष्यात तिने मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

"आई, चेष्टा नको ना गं."

ती जराशी मागे सरकली. अनोळखी माणूस अंगचटीला आला की सरकतात तशी.

दार वाजलं. ताई डबा घेऊन आत आली. मला वाटलं, सुटलो. आता ही नेहमीसारखं काहीतरी टोचून बोलेल, आणि मी मेलो तरी उलट बोलणार नाही. ताई थबकली आणि हसली. परक्यांसाठी ठेवलेलं हसू असतं ना, ते.

"कोण गं हे, आई?"

"मशीन दुरुस्त करायला आलेत. दादाने बोलावलं असेल."

"असं होय. पाणी दिलंस का त्यांना?" मग माझ्याकडे वळून ताई म्हणाली, "या तुम्ही. जिना सांभाळून उतरा हं, तिसरी पायरी हलते आमची."

भिंतीवर माझी पोस्टरं होती. कोपऱ्यात माझ्या रेकॉर्ड होत्या. पण त्या मांडणीत कुठेतरी फरक होता. मी त्या सालाप्रमाणे लावतो. या रंगाप्रमाणे लावल्या होत्या. दादा तशा लावायचा.

मी उतरलो. तिसरी पायरी हलली.

खिशात फोन वाजला. सुईवाला भडकला होता. "काय रे, मीच सापडलो का चुना लावायला? पाकीट उघडलं तर आत अर्धंच तिकीट! दारावर फाडलेलं. घडी पडलीय, घामाने मऊ झालंय. हे तर कोणीतरी मुठीत धरून आत नेलंय."

मी फोन बंद करून खिशात टाकला.

गल्लीत ऊन तसंच होतं, पांढरं. मी चालत टोकापर्यंत गेलो आणि वळून वर पाहिलं. खिडकी उघडी होती. गजाला धरून एक म्हातारा होत आलेला माणूस उभा होता. केस पांढरे, डोळ्यांना चष्मा, एक खांदा पडलेला. त्याला पाहून मला आधी हसूच आलं, इतका तो आईसारखा दिसायला लागला होता. तो गल्लीकडे बघत होता. रोज बघत असावा. त्याची नजर माझ्यावरून गेली आणि पुढे गेली.

"दादा!" मी ओरडलो. तो हलला नाही.

तेव्हा मी दोन बोटं तोंडात घातली. त्याने शिकवलं होतं तशी जीभ मागे दुमडली आणि सगळा जीव एकवटून फुंकलो. पुन्हा फुंकलो.

नुसती हवा आली.

वरून आईचा आवाज ऐकू आला, बारीक, पण स्पष्ट. "दिसतोय का रे कोणी?"

त्याने गजांतून वाकून नीट पाहिलं. मी उभा होतो तिथेच पाहिलं.

"नाही गं आई," तो म्हणाला. "गल्ली रिकामीच आहे."