दार लावा, दिवा मालवा

ही गोष्ट माझ्या मोठ्या आत्याची. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल सोडून द्यावी, मी वाद घालत बसणार नाही. ते रेकॉर्डिंग मी माझ्या कानांनी ऐकलंय. शेवटी जे घडलं, तेव्हा तर मी तिच्या दाराशी उभा होतो.

गेल्या नाताळाच्या आधीचे दिवस. बाहेर कडाक्याची थंडी, आणि चर्चच्या मागच्या हॉलमध्ये रोज संध्याकाळी कॅरोलचा सराव.

मोठी आत्या त्या गाणाऱ्यांची प्रमुख. दिवसभर कपडे दुरुस्तीच्या दुकानात मशीनवर बसायची आणि संध्याकाळी वीस-पंचवीस जणांना सुरात आणायची. सगळे तिला 'बाई' म्हणायचे आणि टरकून असायचे.

धाकटी आत्या तिच्याच घरात राहायची. दोघींनी लग्न केलं नव्हतं. दोघींचं जमायचंही छान, फक्त डिसेंबरात बिनसायचं.

त्याला कारण एक जुनं कॅरोल. त्याचं शेवटचं कडवं छापील कागदावर असं होतं...

दार लावा, दिवा मालवा,
बाळ निजलं आत.

आणि माझी आजी, म्हणजे या दोघींची आई, ते असं म्हणायची...

दार उघडा, दिवा लावा,
बाहेर कुणी अंधारात.

आजीचे शब्द जुने. लहान मुलं घाबरतात म्हणून कुणीतरी ते पुढे बदलले म्हणे. मोठी आत्या कागदाप्रमाणे चालणारी. धाकटी मात्र शेवटच्या रांगेत उभी राहून हळूच आपलंच घोडं दामटायची.

"ताई, आईनं शिकवलेलं मी का सोडू?"

"घरी म्हण ना काय म्हणायचं ते! इथे सगळ्यांनी एकच म्हणायचं असतं."

"मग सगळ्यांना माझं म्हणायला लाव."

या दोघींची जुंपली की नाताळ आला समजायचं, असं माझे बाबा म्हणायचे.

त्याच वर्षी, नाताळाच्या काही महिने आधी, धाकटी गेली. साधा ताप छातीत उतरला आणि तिला आयसीयूत न्यावं लागलं. मोठी आत्या हात धरून बसली होती. नर्सनं तिला उठवलं. "तुम्ही बाहेर थांबा, आम्ही बोलावतो."

आत्या बाहेरच्या बाकावर बसून राहिली. समोर बंद दार.

बोलावलं तेव्हा सगळं आटोपलं होतं.

आत्या रडली नाही. नंतरही नाही. एकदा दुकानात मशीनची सुई तिच्या बोटात आरपार गेली. गिऱ्हाइकाच्या कोटाला रक्त लागलं तेव्हा कुठे तिला कळलं. तिनं आधी कोटाचा डाग धुतला, मग बोट. शेजारच्या मशीनवरची बाई ओरडली तर आत्या म्हणाली, "दुखत नाहीये गं."

डिसेंबर आला तेव्हा सराव या वेळी होणार नाही असं सगळ्यांना वाटलं होतं. आत्या मात्र ठरल्या वेळी हॉलमध्ये हजर.

तिची एक पद्धत होती. मोबाइल पियानोवर ठेवून ती सगळा सराव रेकॉर्ड करायची. स्वतः शेजारी उभी राहून सोबत गायची. मग घरी इस्त्री करता करता ऐकायची आणि कोण कुठे घसरलं ते दुसऱ्या दिवशी नेमकं पकडायची.

पहिल्याच सरावाचं रेकॉर्डिंग ती ऐकत होती. शेवटचं कडवं आलं. सगळे म्हणत होते, दार लावा...

आणि त्या सगळ्यांच्या मागे, अगदी बारीक...

दार उघडा.

आत्यानं इस्त्री उभी करून ठेवली. पुन्हा ऐकलं. आवाज तिथेच होता.

दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्यांना फैलावर घेतलं. "जुने शब्द कोण म्हणतंय?"

खर्जात गाणारा एक दांडगा गृहस्थ होता, त्याला सगळे भोंगा म्हणायचे. तो म्हणाला, "बाई, मी म्हटले असते तर अख्ख्या गल्लीला कळलं असतं."

सगळे हसले. आत्या हसली नाही. तिनं एकेका रांगेला वेगळं गायला लावलं. सगळ्यांचे शब्द कागदाप्रमाणे. मग सगळ्यांना एकत्र गायला लावलं. हॉलमध्ये काहीच वेगळं ऐकू आलं नाही.

रेकॉर्डिंगमध्ये मात्र आलं.

आणि आता तो आवाज शेवटच्या रांगेतून येत नव्हता. थोडा पुढे सरकला होता...

आत्यानं पियानोवाल्या सरांना ऐकवलं. सर म्हणजे हाडाचे नास्तिक, चर्चमध्ये फक्त वाजवायला येणारे. त्यांनी दोनदा ऐकलं. मग पियानोचं झाकण उगाचच बंद केलं.

"बाई... हा आवाज..."

"माहितीये मला."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"मला काहीच वाटत नाही, सर. तोच तर त्रास आहे."

मग तिनं मला बोलावून घेतलं. तिच्या स्वयंपाकघरात बसून मी ऐकलं. धाकट्या आत्याला एक सवय होती. 'बाहेर' म्हणायच्या आधी ती एक छोटा श्वास घ्यायची, गार पाण्यात पाय टाकताना घेतो तसा. तो श्वासही त्यात होता. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मोठी आत्या माझ्या कपात शांतपणे चहा ओतत होती.

"रोज पुढे येतेय," ती म्हणाली. "काल मधल्या रांगेत होती. आज पहिल्या."

"आत्या, हे रेकॉर्डिंग पुसून टाक."

"वेडा आहेस का? ती बाहेर राहिलीये रे. अंधारात. एवढी वर्षं मी तिला गप्प केलं. आता एकदा तिचे शब्द म्हणून बघते. आली आत तर आली."

तिला बहीण परत हवी होती, बाकी काही नाही. हे ती इतक्या कोरडेपणानं बोलली की मला समजूतही घालता येईना.

दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्यांना नवे शब्द दिले, म्हणजे जुनेच. कुरकुर झाली. भोंगा म्हणाला, "बाई, कागदावर तर असं नाहीये."

"नाहीये. तरी म्हणायचं."

नाताळच्या आदल्या संध्याकाळी मी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलो होतो. आत्या सगळ्यांसमोर पाठमोरी उभी. मोबाइल पियानोवर. शेवटचं कडवं आलं आणि सगळे एका सुरात म्हणाले...

दार उघडा, दिवा लावा...

बाजूचं छोटं दार वाऱ्यामुळे थंडीभर आतून कडी लावूनच ठेवतात.

ते उघडलं.

हळूहळू, पूर्ण उघडलं. बाहेर मिट्ट काळोख. मेणबत्त्या जराही हलल्या नाहीत. आत कुणी आलं नाही. चर्चचा रखवालदार पुटपुटत गेला आणि दार लावून आला.

आत्यानं मान वळवून तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

घरी आल्यावर आम्ही रेकॉर्डिंग लावलं. धाकटीचा आवाज नव्हता. पुन्हा लावलं. तो छोटा श्वासही नव्हता. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"शांत झाली गं ती," मी म्हणालो. "तिचे शब्द सगळ्यांनी म्हटले ना."

आत्यानं रेकॉर्डिंग पुन्हा सुरुवातीला आणलं. मग तिनं मोबाइल माझ्याकडे सरकवला.

"नीट ऐक. माझा आवाज कुठाय?"

मी ऐकलं. पियानो होता. भोंगा होता. बायकांची पहिली रांग स्पष्ट होती...

मोबाइलच्या सगळ्यांत जवळ उभी होती ती आत्या. मी तिला गाताना पाहिलं होतं. मागच्या बाकावर मला तिचा आवाज ऐकूही आला होता. रेकॉर्डिंगमध्ये तो कुठेच नव्हता.

"आपल्याला वाटलं ती बाहेर राहिली," आत्या म्हणाली. "ती तर आतच होती रे. आयसीयूचं दार बंद झालं तेव्हा बाहेर मी बसले होते. ती मला बोलावत होती."

हे बोलताना तिचे डोळे भरून आले. धाकटी गेल्यापासून पहिल्यांदाच. मी तिला रडताना पाहून सुटकेचा निःश्वास टाकला. तेच माझं चुकलं असावं, असं आता वाटतं.

नाताळ होऊन गेला. एका संध्याकाळी घरी जाताना वाटेत मी तिच्याकडे डोकावलो. जिना चढून वर आलो. दाराखालच्या फटीतून उजेड येत होता, आणि आत कुणीतरी गात होतं.

मोठी आत्या. मला बरं वाटलं. मी बेलकडे हात नेला...

तेवढ्यात दुसरा आवाज आला.

दोघी एका सुरात गात होत्या. कागदावरचे शब्द. धाकटीनं जन्मात कधी न म्हटलेले.

दार लावा, दिवा मालवा...

आणि 'बाळ' म्हणायच्या आधी तो छोटासा श्वास. तो आता दोघींनी घेतला.

मी दार ठोठावलं. "आत्या! मी आलोय!"

गाणं थांबलं. फटीतला उजेड विझला. मग आत, अगदी दाराशी, कुणाच्या तरी चपला फरफटल्या.

"आत्ता नको रे," आत्या म्हणाली. आवाज तिचाच होता, कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता इतका प्रसन्न. "आम्ही निजतोय."

आतून कडी लागली.

आत्या आजही दुकानात जाते. गिऱ्हाइकांशी बोलते, मशीन चालवते. माझे फोनही घेते. परवा मी तिच्याशी बोलताना कॉल रेकॉर्ड करून पाहिला. करायला नको होता.

त्यात फक्त मी बोलतोय. मध्ये मध्ये थांबतोय, हसतोय, हो हो म्हणतोय. आत्या काय बोलली होती ते मला शब्दन् शब्द आठवतंय. रेकॉर्डिंगमध्ये तिथे काहीच नाही.

मी त्या घराच्या जिन्यापर्यंत अजूनही जातो. वर जायचं धाडस होत नाही. खाली उभा राहून बघतो, तर तिच्या खिडकीत अंधार असतो, आणि इथे बाहेर आता मीच उभा असतो.