नऊ गुणांची मार्टिनी

परीक्षक स्टुलावरून खाली कोसळला तेव्हा संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि खरं सांगायचं तर बारमधल्या निम्म्या लोकांना आधी बरंच वाटलं.

वाटणारच हो! दर शनिवारी हा माणूस पेपरात वस्तीतल्या बारांच्या मार्टिनी, म्हणजे जिन आणि व्हर्मूथ नावाच्या वाइनची थंडगार मिश्रणं, एकमेकींशी ताडून दहापैकी गुण द्यायचा. ज्याला कमी दिले त्याची अशी सालटी काढायचा की लोक ते मोठ्यानं वाचून हसायचे. बारवाला मात्र हसत नसे. पण मग परीक्षकाच्या तोंडाला फेस आला, टाचा फरशीवर आपटल्या, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत सगळा कारभार आटोपला होता.

फौजदार बाई सात वाजता पोचल्या. खात्यात त्यांना ‘कानस’ म्हणत, अर्थात पाठीमागे. बाई दारूच्या थेंबाला कधी शिवल्या नव्हत्या.

“वास बघा,” हवालदार म्हणाला.

रिकाम्या ग्लासवर बाई वाकल्या आणि झटक्यात मागे झाल्या. झुरळं मारायचं औषध! रॉकेलसारखा उग्र भपका अजून येत होता.

“याचीच अर्धी बाटली सिंकखाली सापडली. बारवालीला बसवून ठेवलंय. कारण काय ते अख्ख्या वस्तीला ठाऊक आहे.”

कारण असं. बार आधी बारवालीच्या बापाचा. गेल्या हिवाळ्यात परीक्षकानं त्याला दहात दोन दिले आणि छापलं, ‘भांडी विसळलेल्या पाण्यात ऑलिव्ह टाकून म्हातारा मार्टिनी म्हणून खपवतो.’ गिऱ्हाईक आधी हसलं, मग यायचं थांबलं. तिसऱ्या महिन्यात म्हाताऱ्यानं तळघरात गळफास घेतला. एवढ्यावर भागलं नाही. गेल्या शनिवारी परीक्षकानं छापलं, ‘मंगळवारी पुन्हा जाणार आहे. बापाचा हात लेकीत उतरलाय का, बघू. उतरला असेल तर तळघराला कुलूप लावा.’

माणूस मेला म्हणून त्याच्याबद्दल चांगलं बोलायचं असतं. कसं बोलायचं, तेवढं कोणीतरी सांगा.

बारवाली सत्तावीसची असेल. हात मांडीवर घट्ट धरून बसली होती.

“मार्टिनी कुणी केली?”

“मी.”

“पहिला घोट कुणी घेतला?”

“फुकट्यानं. त्यांच्या धाकट्या भावानं. नेहमी तोच घेतो.”

“मग?”

“परीक्षक म्हणाले, ऑलिव्ह सुरकुतलंय. मी जाऊन काडीसकट बदललं.”

“तेव्हा या औषधाचा वास आला?”

“नाही. मी ग्लासवर वाकले होते. लिंबाच्या सालीचाच येत होता.”

“पुढे?”

“मी पाठ फिरवली तशी ते माझ्या चालण्यावर काहीतरी घाण बोलले. सगळे माझ्याकडे बघून हसायला लागले. मी काउंटरमागे गेले. थोड्या वेळानं उग्र वास आला, पण मला वाटलं, शेजारच्या दुकानात फवारणी चाललीय.”

“तो मेला याचं वाईट वाटतंय?”

“नाही.”

हवालदारानं कपाळाला हात लावला. अगं बाई, निदान पोलिसांसमोर तरी खोटं बोल!

फुकट्या कोपऱ्यात नुसत्या शर्टात कुडकुडत होता. आपला कोट त्यानं भावाच्या अंगावर पांघरला होता, तो तसाच शवागारात गेला. चाळिशीचा, मऊ, कापलेल्या नखांचा माणूस. दोघे भाऊ बिनलग्नाचे, एकाच घरात राहायचे.

“दादांबरोबर कधीपासून जाताय?”

“दोन वर्षं झाली. आधी दादा एकटाच जायचा.”

“आणि पहिला घोट तुमचा?”

“दादा म्हणायचा, फुकट्याला आधी पाजा, म्हणजे गप्प बसतो.” तो कसनुसा हसला.

“दोन वर्षांत कधी खंड?”

“गेल्या उन्हाळ्यात सहा आठवडे पाय प्लास्टरमध्ये होता. तेव्हा तो एकटा गेला.”

“आजच्या घोटात काही वेगळं लागलं?”

“छे! सुंदर होती. म्हणजे जे काय पडलं ते नंतर पडलं.” मग आवाज खाली आणून तो म्हणाला, “मी कुणाचं नाव घेणार नाही, बाई. पोरीनं बाप गमावलाय. तिला सांभाळून घ्या.”

आता आला का पेच! फुकट्या त्याच ग्लासातून प्यायला आणि ठणठणीत होता. त्यानंतर ग्लासला हात लागला तो बारवालीचा. औषध तिचं, बार तिचा, राग तिचा. मोठ्या साहेबांनी फोनवरच निकाल लावला. “उद्या संध्याकाळी खुनाचा आरोप दाखल करा. फासावर जाईल पोरगी. अजून काय हवंय तुम्हाला?”

“उद्याची दुपार,” बाई म्हणाल्या.

दोन टेबलं सोडून एक निवृत्त दातांचे डॉक्टर बसले होते. बाई त्यांच्याकडे वळल्या.

“तुम्हाला वास आला?”

“आला म्हणजे काय! डोळ्यांत पाणी आलं. उठून दाराजवळ जाऊन बसलो.”

“परीक्षक तेव्हा काय करत होता?”

“पीत होता! गारवा जायच्या आत प्यायची म्हणे, तीन घोटांत ग्लास रिकामा केला. मग तोंड पुसून वही काढली.”

“आधी प्यायला, मग लिहिलं? नक्की?”

“नक्की. धाकटा कानाशी लागला होता. दुसरा ग्लास मागत असेल. फुकट्याच तो!”

वही जप्त झालीच होती. शेवटच्या पानावर मेलेल्या माणसाचं ठसठशीत अक्षर होतं. ‘लिंबाची साल ताजी. व्हर्मूथ बेताची, जिनच्या मागे अदबीनं उभी. शेवटी किंचित खारेपणा, तोही सुखाचा. नऊ.’

बाईंनी ते तीनदा वाचलं. मग मागची पानं उलटून गेल्या हिवाळ्यावर आल्या. म्हाताऱ्याच्या मार्टिनीपुढेही नऊच होते. छापले होते दोन.

सकाळी बाई पेपराच्या कचेरीत जुन्या अंकांचा गठ्ठा घेऊन बसल्या. गेल्या उन्हाळ्यातले सहा शनिवार त्यांनी वेगळे काढले. त्यांत गाद्यांचे फाटके कोपरे होते, दिव्यांचा पिवळेपणा होता, एका बारवाल्याचे दात होते, एका वाढपिणीची कंबर होती. मार्टिनीच्या चवीबद्दल अवाक्षर नव्हतं.

संपादक समोरच होते.

“फुकट्या तुमच्याकडे कधी आला होता?”

“दोन आठवड्यांपूर्वी. म्हणाला, सदरावर माझंही नाव टाका. मला हसूच आलं. मी थोरल्याला सांगितलं.”

“त्यानं काय केलं?”

संपादकांनी चष्मा पुसायला घेतला. “भर बारमध्ये ऑलिव्हच्या बरणीतलं खारं पाणी धाकट्याच्या डोक्यावर ओतलं. म्हणाला, घे, झालं तुझं बारसं. सगळे हसले.”

“तुम्ही?”

“मीही होतो तिथे,” संपादक म्हणाले. म्हणजे हेही हसले. आणि हा शहाणा माणूस रोज अग्रलेखात जगाला माणुसकी शिकवतो!

दुपारी तीन वाजता बाईंनी सगळ्यांना बारमध्ये गोळा केलं. संपादक, दातांचे डॉक्टर, काळा शर्ट घातलेला फुकट्या, आणि बेड्या घातलेली बारवाली. काउंटरवर तीन ग्लास मांडले होते. त्यांतल्या दोहोंतल्या मार्टिनी हवालदारानं दोन वेगळ्या बारांमधून थर्मासमध्ये भरून आणल्या होत्या. येताना एकातलं थोडं सांडलं असं तो म्हणाला, पण कुठे सांडलं ते त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. तिसरा बारवालीनं बेड्या काढून घेऊन तिथल्या तिथे केला. मग सगळ्यांना पाठ करायला लावून बाईंनी ग्लासांच्या जागा बदलल्या; कुठला ग्लास कुठला, ते आता फक्त त्यांना माहीत होतं.

“संपादकसाहेब, सदर आता कोण लिहिणार?”

“कोण लिहिणार? तसं नाक पुन्हा होणे नाही. बंद करू.”

“मी लिहीन,” फुकट्या म्हणाला.

संपादकांना खोकला आला. डॉक्टर सरळ हसले.

“तुम्ही?” बाईंनी भुवया उंचावल्या. “तुमच्या भावानंच छापलं होतं ना, की माझ्या धाकट्याला मार्टिनी आणि चूळ भरायचं औषध यांतला फरक कळत नाही? जाऊ द्या हो. कशाला हसं करून घेताय?”

फुकट्याचे कान लाल झाले. “आणा इकडे,” तो म्हणाला.

पहिल्या ग्लासचा त्यानं एवढासा घोट घेतला. “कोपऱ्यावरचा बार. व्हर्मूथ आठवडाभर उघडी पडलीय आणि बर्फ मासळीशेजारी ठेवतात.”

दुसरा. “ठाण्यामागचा. हलक्या हातानं ढवळायची, तर यानं खदाखदा घुसळलीय. निम्मं पाणी आहे.”

तिसऱ्यावर त्यानं डोळे मिटले. तो माणूस त्या क्षणी खरोखर सुखी दिसत होता. “ही इथली. साल आत्ता काढलेली. फक्त ओतताना हात थरथरलाय, जिन थोडी जास्त झालीय.”

बारवालीनं मान वर केली. थरथरला होता.

बाईंनी खिशातली चिठ्ठी उलगडून दाखवली. तिन्ही बरोबर! संपादकांनी टाळ्या वाजवल्या. “अरे वा! हा तर थोरल्याच्या तोडीचा निघाला!”

“थोरल्याच्या?” फुकट्या किंचाळला. “थोरल्याला दोन वर्षं काहीच कळत नव्हतं! तापात नाक गेलं त्याचं, रॉकेल की अत्तर समजत नव्हतं. सदरातला चवीचा शब्द न् शब्द माझा आहे. माझा!”

आपण काय बोललो ते फुकट्याला जरा उशिरा कळलं.

“बसा,” बाई म्हणाल्या. “आता मी सांगते, चुकलं तर तुम्ही सुधारा.

“ज्या वासानं डॉक्टर जागा सोडून पळाले, त्या वासाचा ग्लास नाकाखाली धरून वस्तीतलं सगळ्यात मोठं नाक तीन घोटांत रिकामा करतं? म्हणजे नाकच नव्हतं. आणि रॉकेल पिऊन झाल्यावर तो वहीत लिहितो, लिंबाची साल ताजी. ही चव त्याच्या ग्लासातली नाही. ती औषध पडायच्या आधी घेतलेल्या घोटातली आहे, आणि तो घोट तुमचा. तुम्ही कानाशी लागून सांगत होतात, तो उतरवून घेत होता. तुमचा पाय मोडला तेव्हा सहा आठवडे सदरातून चव गायब झाली, ती उगाच नाही.

“आता बारवाली. तिलाही वाटत होतं, या माणसाला दहा पावलांवरून वास येतो. असल्या माणसाला ती रॉकेलच्या वासाचं औषध देईल? तो ओठालाही लावणार नाही, आणि शनिवारी छापून तिचं वाटोळं करील. हे औषध तो मुकाट गिळेल, एवढी खात्री या बारमध्ये एकालाच होती.

“ती ऑलिव्ह बदलून वळली, तुमचा दादा तिच्यावर घाण बोलला, सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. त्याचीही. तेवढ्या वेळात तुम्ही कोटाच्या खिशात लपवून आणलेल्या कुपीतलं तेच झुरळांचं औषध ग्लासात ओतलंत. मग रिकामी कुपी मोरीत टाकलीत आणि कोट मोठ्या मायेनं भावावर पांघरलात. त्याला ओकारी झाली होती, कोटाला वास येणारच, असं तुम्ही धरलंत. पण ओकारी बाहेरून लागली. हा वास आज सकाळी मला तुमच्या कोटाच्या खिशात, आतल्या अस्तराला मिळाला.”

फुकट्या बोलला तो बारवालीशी.

“तुझ्या बाबांना मी नऊ दिले होते. त्यानं दोन छापले, मजा म्हणून. माझ्या जिभेचा निवाडा त्यानं फिरवला आणि तुझे बाबा गेले. त्या म्हाताऱ्याचा सूड घेतलाय मी!”

डॉक्टरांच्या तोंडून “अरेरे” निघालं. बाईंच्या तोंडून ते निघण्यातलं नव्हतं.

“सूड म्हाताऱ्याचा, आणि फाशी त्याच्या लेकीला?” त्या म्हणाल्या. “वस्तीत दहा बार आहेत. तुम्ही हाच निवडलात, कारण इथे संशयासाठी माणूस तयार होतं. वर मला सांगता, सांभाळून घ्या तिला! म्हातारा मेला त्याला नऊ महिने झाले, तेव्हा तुमचा हात उठला नाही. डोक्यावर खारं पाणी पडलं आणि दोन आठवड्यांत उठला. उगाच मेलेल्या माणसाच्या नावावर खपवू नका.”

हवालदारानं बारवालीच्या बाजूला पडलेल्या बेड्या उचलून फुकट्याच्या हातात घातल्या.

बारवाली काउंटरमागून बाहेर आली. रात्रभर कोठडीत बसून तिचे डोळे सुजले होते.

“नऊ दिले होते?” तिनं विचारलं.

“शपथ. साडेनऊच म्हण.”

“बाबा तीन महिने रोज विचारायचे, माझं काय चुकलं गं? रोज व्हर्मूथ बदलून बघायचे, पुन्हा करायचे, मला चाखायला लावायचे. तुला माहीत होतं त्यांचं काही चुकलं नाही म्हणून. एकदा येऊन त्यांना सांगितलं का नाहीस? पेपरात नको, नुसतं त्यांच्या कानात.”

फुकट्यानं खरंच विचार केला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचं मत कोणीतरी मनापासून विचारत होतं, म्हणूनही असेल, तो खोटं बोलला नाही.

“सांगितलं असतं तर दादाला कळलं असतं,” तो म्हणाला. “मग पुढच्या शनिवारी मला कोणी चाखायला नेलं असतं?”