डिले पेडलमधली खराबी

हे रचलेलं नाही. माझ्यासोबत घडलंय.

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. मला कुणाला घाबरवायचं नाहीये. मीच अजून घाबरलेली आहे.

आणि रात्रबित्र काही नव्हती हं. भर दुपार होती. गेल्या हिवाळ्यातली. बाहेर लख्ख ऊन, आमच्या पुढच्या खोलीत माझं दुरुस्तीचं टेबल, आणि आतल्या खोलीत सासूबाई शब्दकोडं सोडवत बसलेल्या.

मी गिटारवाल्यांचे अँप्लिफायर, पेडल वगैरे दुरुस्त करते. त्या दिवशी जाड चष्म्याचा एक तरुण डिले पेडल घेऊन आला.

डिले पेडल म्हणजे पायानं दाबायचा छोटा लोखंडी डबा. आत गेलेला आवाज तो थोड्या वेळानं परत देतो. पुन्हा पुन्हा, विरत जाणारा. विहिरीत हाक मारल्यासारखा.

"काय होतंय?" मी विचारलं.

"काही जोडलेलं नसतानाही आवाज येतो. आत काहीतरी अडकलंय. साफ करून द्या."

"तुमचं आहे?"

तो जरा थांबला.

"हो. माझंच."

डब्यावर लाल नेलपॉलिशनं फुलं काढलेली होती. मला वाटलं, असेल बाबा. आपल्याला काय करायचंय?

तो गेल्यावर मी पेडल अँप्लिफायरला जोडलं. इनपुटमध्ये वायर नाही. सगळी बटणं शून्यावर.

आधी काहीच नाही.

मग... कुणीतरी श्वास घेतला.

गाणं सुरू करण्यापूर्वी घेतात ना, तसा. आणि मग बारीक गुणगुणणं. बाईमाणसाचा आवाज.

मला हसू आलं. अशा डब्यांत कधी कधी रेडिओ घुसतो. अ‍ॅडॅप्टर काढला, बॅटरी लावली.

गुणगुणणं चालूच.

जॅक बदलला. सोल्डरचे सगळे टाके पुन्हा तापवले. संशय आला ते दोन कपॅसिटर बदलले. बॅटरी काढून डबा तसाच ठेवला आणि जेवून आले. वीज गेली की या डब्याची आठवण पुसली जाते. आत काही उरतच नाही.

परत बॅटरी लावली.

श्वास. गुणगुणणं.

आतून सासूबाई म्हणाल्या, "छान गातेय गं कोण ती."

"खराबी आहे ती, आई."

"मग राहू दे की. तुझ्या नवऱ्याच्या घोरण्यापेक्षा बरी."

मी हसले, पण मनात चिडले होते. माझ्या टेबलावरून कधी काही नादुरुस्त परत गेलेलं नाही. डोक्यात हट्ट शिरला, की ही खराबी काढायचीच.

मी माइक जोडला आणि म्हटलं, "टेस्ट."

टेस्ट... टेस्ट... टेस्ट...

माझाच आवाज. विरत गेला. अगदी बरोबर.

आणि तो विरल्यावर...

"आई कुठाय?"

तो रेडिओ नव्हता. ती मला विचारत होती.

मी हललेच नाही. आवाज पुन्हा आला. आता जास्त जवळून. लहान मूल झोपेतून उठून विचारतं ना, तसा.

"आई... कुठाय?"

आता खरं सांगते. त्या क्षणी मला कळलं होतं, की ही खराबी नाही. त्या तरुणाला फोन करता आला असता. नंबर समोर होता. पेडल बंद करून तसंच परत देता आलं असतं.

मी ते केलं नाही. पाचावर धारण बसली होती, आणि हट्टही होताच.

मी बॅटरी उपटली. डबा उघडला. आवाज साठवणारी काळी चिप असते, गोमेसारखे पाय असलेली. तिच्या पहिल्या पायाला तापलेलं सोल्डरिंग आयर्न लावलं. टाके वितळवायचं, पेनासारखं.

घाईत अँप्लिफायर मात्र चालूच राहिला होता.

पेडलला बॅटरी नव्हती. वीज नव्हती.

तरी स्पीकरमधून आलं...

"आई गं..."

चटका बसल्यावर निघतो तसा आवाज.

आतून सासूबाई ओरडल्या, "काय गं? भाजलं का?"

मी म्हटलं, "हो."

आणि उरलेले पायही सोडवले. एकेक करून.

नवी चिप लावल्यावर पेडल एकदम चोख चालायला लागलं. संध्याकाळी तो तरुण आला, ऐकलं, खाली मान घालून घेऊन गेला. एकदाही हसला नाही.

पुढच्या आठवड्यात एक बाई आल्या. साठीच्या असाव्यात. हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी. तान्ह्या बाळाला धरावं तसं धरलेलं.

टॉवेल उघडला. लाल नेलपॉलिशची फुलं.

"हे माझ्या मुलीचं," त्या म्हणाल्या. "ती गायची. माइक यातूनच घ्यायची. गेली ती मागच्या वर्षी, तापानं. मी रोज याच्यासमोर बसायचे. लेकाला वाटलं, आई वेडी होईल. मला न सांगता तुमच्याकडे घेऊन आला."

मी पेडल हातात घेतलं.

"तुम्ही फार छान दुरुस्त केलंय हो ताई. आता ती काहीच बोलत नाही."

त्या टोमणा मारत नव्हत्या. खरंच कौतुकानं म्हणत होत्या. तेच जास्त लागलं.

"काढलेला भाग ठेवलाय का तुम्ही?"

मी भंगाराचा डबा टेबलावर ओतला. काढलेल्या चिपा त्यातच टाकते मी. सगळ्या एकसारख्या काळ्या. त्यातली तिची कुठली?

एकेक लावून बघितली. दर वेळी त्या काकू माइकजवळ वाकायच्या. "छकू, मी आलेय गं."

आलेय गं... आलेय गं... आलेय गं...

त्यांचाच आवाज. विरायचा. मग नुसती शांतता. काकू कान देऊन बसायच्या, मग माझ्याकडे बघून मान हलवायच्या. पुढची.

चिपा संपल्या.

सासूबाई पाणी घेऊन आल्या. काकू घोटभर प्यायल्या आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"ताई, एक विचारू? ती... जाताना काही म्हणाली का?"

माइक आमच्या दोघींच्या मध्ये होता. पेडल चालू होतं.

मी म्हटलं, "नाही."

आणि पेडलनं तो शब्द परत दिलाच नाही.

नाही... नाही... यायला हवं होतं. काही आलं नाही. दिवा लागलेला. बटण जागेवर. पेला खाली ठेवल्याची टकटक मात्र परत आली. टक... टक... टक...

काकूंनी पेडलकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

त्यांनी ते टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि त्या गेल्या.

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "जा आणि त्या माउलीला खरं सांगून ये. जिवाला घोर लावून घेऊ नकोस."

त्या तरुणानं दिलेल्या नंबरवर मी फोन केला. काकूंनीच उचलला.

"काकू, मी बोलतेय. पेडल दुरुस्त..."

"हॅलो? कोण आहे?"

"काकू, मी..."

"हॅलो? आवाज येत नाहीये."

वाटलं, रेंज नसेल. शेवटी त्यांच्या घरी गेले. दार काकूंनीच उघडलं.

"काकू, मी खोटं बोलले तुमच्याशी."

त्या माझ्या ओठांकडे बघत राहिल्या.

"मोठ्यानं बोला ना जरा, ताई."

"मी खोटं बोलले! ती बोलली होती!"

"काही ऐकूच येत नाहीये हो."

मागून तो चष्मेवाला तरुण आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आई, अगं... त्या ओरडतायत."

काकू त्याच्याकडे वळल्या. "हो का? मला कसं ऐकू येत नाही? काय म्हणतायत रे?"

मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं माझ्याकडे. त्यानं सगळं ऐकलं होतं. आणि पेडल माझ्याकडे त्यानंच तर आणलं होतं.

"काही नाही, आई," तो म्हणाला.

मला परत जाणं भाग होतं.

लिहून द्यावं म्हणून दोनदा बसले. 'आई गं' हे दोन शब्द कागदावर उतरवायला हात धजत नाही. बाकी सगळ्यांना माझा आवाज ऐकू येतो. नवऱ्याला, सासूबाईंना, गिऱ्हाइकांना. काकूंचे कानही ठणठणीत आहेत म्हणे. रस्त्यावरच्या भाजीवाल्याची हाक त्यांना वरच्या मजल्यावर ऐकू जाते.

हे मला त्या तरुणानंच सांगितलं. परवा त्याचा फोन आला होता. आधी नुसता श्वास ऐकू येत होता.

मग म्हणाला, "ताई, त्या दिवसापासून आई मलाही म्हणते... मोठ्यानं बोल."