परतीची खूण

दार लोटून घ्या, गार वारा येतोय. आणि तो मोठा दिवा बंद करा, डोळ्यांवर येतो. हं, आता बसा.

मघाशी ही पोरगी मला विचारत होती, "काका, रानवाटेवरच्या झाडांना पुढून-मागून दोन्हीकडे पिवळे पट्टे कशाला? एकीकडे मारला तर रंग वाचेल की." तुझा मुद्दा शहाणपणाचा आहे गं. फक्त तू ती वाट एकाच बाजूनं चाललेली आहेस. उद्या तीस पोरांना घेऊन निघायचंय ना तुम्हाला? मग ऐकून घ्या. आणि मध्येच मोबाइल काढलात तर मी गोष्ट अर्धवट सोडून घरी जाईन, मला काय!

मी तेव्हा या उद्यानाचं कोठार सांभाळायचो. खोरी, टोपल्या, दोरखंड, रंगाचे डबे, सगळ्याच्या किल्ल्या माझ्या कमरेला. आणि वाटेवर खुणा करायचं काम आमच्या एका माणसाकडे होतं. त्याला सगळे रंगारी म्हणायचे. थंडी सरली, झाडांना कोंब फुटले की लोकांचे पाय शिवशिवायला लागतात. दर रविवारी कोणी ना कोणी निघतंच, उद्यानाच्या मागच्या फाटकातून रानात, रानातून पलीकडच्या त्या छोट्या गावात, तिथं चहा प्यायचा आणि संध्याकाळच्या आत परत. सहा किलोमीटर जायचे, सहा यायचे. त्याच्या आधी रंगाऱ्यानं सगळ्या खुणा ताज्या करायच्या, असा शिरस्ता.

त्या कामाचा एक नियम आहे. जाताना फक्त जाणाऱ्याच्या खुणा करायच्या. परत येताना परतणाऱ्याच्या. आणि खूण केली की दहा पावलं मागे जाऊन ती चालणाऱ्याच्या डोळ्यांनी बघायची. कंटाळवाणं काम आहे. झाडाला वळसा घालून मागचा पट्टा जाता जाताच मारून टाकला तर निम्मी पायपीट वाचते, हे कोणालाही सुचेल.

रंगाऱ्यालाही सुचलं. हा माणूस कामचुकार नव्हता बरं का, उगाच नावं ठेवू नका. त्या वर्षी त्याची बायको आजारी होती. रात्री तिच्या उशाशी, दिवसा कामावर. उभ्या उभ्या डोळा लागायचा त्याचा. मी स्वतः पाहिलंय, कोठाराच्या दाराला टेकून झोपला होता, हातात ब्रश तसाच. तर त्यानं त्या वर्षी जाता जाताच दोन्ही बाजू रंगवल्या आणि पलीकडच्या गावातून बसनं घरी आला.

आता वाटेच्या मध्यावर एक दुभंगलेलं झाड आहे. तिथं जुन्या खाणीकडची पायवाट येऊन आपल्या वाटेला मिळते. जाताना ती जाणवतसुद्धा नाही, पाठीमागून येते ना! पण परत येताना तिथं दोन वाटा फुटतात. डावी आपली, उजवी खाणीची. रंगाऱ्यानं जाता जाता खोडामागे हात घालून पट्टा मारला आणि पुढे गेला. पलीकडून तो पट्टा कसा दिसतो, ते बघायला काही तो परत फिरला नाही. पलीकडून तो उजवीकडच्या खोडावर दिसायचा, म्हणजे सरळ खाणीकडे बोलावत होता.

त्या वर्षीच्या पहिल्याच रविवारी सगळ्यांत मागे राहिल्या होत्या बाई. शाळेतून निवृत्त झालेल्या, निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं, म्हणून सगळ्यांच्याच बाई. ठेंगण्या, अंगात लोकरीचा स्वेटर, हातात काठी, काठीला खाली लोखंडी टोक. पहिली पहिली रानफुलं दिसली की थांबायच्या. बरोबरचे म्हणाले, "चला बाई, अंधारून येईल." तर म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे. खुणा आहेत ना! त्या बघत बघत येते मी."

त्या दुसऱ्या दिवशी सापडल्या, खाणीतल्या पाण्यात.

पहाटे शोधायला निघालेल्यांत रंगारी सगळ्यांच्या पुढे होता. दुभंगलेल्या झाडापाशी त्यानं वळून पाहिलं, आणि परतणाऱ्याच्या बाजूनं पहिल्यांदाच त्याला स्वतःची खूण दिसली. त्यानं काय करावं? खिशातला चाकू काढला, पट्टा खरवडला, वर चिखल फासला. मागून माणसं आली तोवर सालीचे तुकडेही त्यानं खिशात घातले होते. चौकशीत लिहिलं गेलं की धुकं होतं, वय झालं होतं, पाय घसरला. तो गप्प बसला. नोकरी गेली तर बायकोच्या औषधांचं काय, हे एक. आणि दुसरं, जीभच उचलेना. वर्षभर हे ओझं त्याच्या छातीवर होतं. माणूस झिजला नुसता. आम्हाला वाटायचं, बायकोच्या काळजीनं.

वर्ष फिरलं. पुन्हा मार्च आला. रविवारची पहिली सहल ठरली, तीही शाळेच्या पोरांची. उद्यानाच्या साहेबांनी विचारलं, "खुणा झाल्या का?" हा म्हणाला, "होतील." सोमवार गेला, बुधवार गेला, याचा पाय रानाकडे वळेना. शेवटी शनिवारी, मार्चच्या पहिल्या शनिवारी, दुपारी चारला माझ्याकडून डबा घेऊन गेला. मी म्हटलं, "अरे, सातला अंधार पडतो. कोणाला बरोबर घे." म्हणाला, "दादा, ज्याचं काम त्यानंच करावं." आवाज इतका थकलेला होता की मला पुढे बोलवेना.

जाताना काही झालं नाही. एकेक झाड, एकेक पट्टा, दहा पावलं मागे, नजर टाकायची, पुढे. पलीकडच्या गावात पोचला तेव्हा साडेसहा झाले होते. चहावाला दुकान आवरत होता. तो म्हणालासुद्धा, "आता कुठं रानातून जातोस? शेवटची बस आहे की सातची." बस समोर उभी होती. पाय तर असे दुखत होते की बसच्या पायरीवरच बसावंसं वाटत होतं. पण परतीच्या खुणा राहिल्या होत्या, आणि सकाळी तीस पोरं येणार होती. यानं डोक्याला टॉर्च बांधला आणि निघाला.

पहिली पाच-सहा झाडं झाली. खूण करायची, आणि दहा पावलं मागे जायचं. तोंड झाडाकडे, पाठ अंधाराकडे.

सातव्या झाडाला मागे सरकताना त्याला आवाज आला.

टक.

त्याला वाटलं, फांदी असेल. पुढच्या झाडाला पुन्हा... टक. टक. ओल्या मातीत फांदीचा असा आवाज येत नाही. दगडावर लोखंड आपटलं की येतो.

त्यानं वळून बघितलं नाही. मला म्हणाला, "दादा, मान वळेचना." पळून जायचं तर खुणा राहतात. आणि खुणा करायच्या तर प्रत्येक झाडापाशी दहा पावलं मागे जायचं... म्हणजे त्या आवाजाकडेच जायचं. समजतंय ना? प्रत्येक झाडाला तो आवाज एक पाऊल जवळ यायचा. पुढे पुढे तो मोजायला लागला. आठव्या पावलाला आवाज. मग सातव्या.

दुभंगलेलं झाड आलं.

यानं डावीकडचं खोड निवडलं. पट्टा मारला, जाड, सरळ. आता मागे.

एक. दोन. तीन. चार...

पाठीला गारवा लागला.

पाच...

कोणीतरी अगदी मागे उभं होतं. श्वास नव्हता. ओल्या लोकरीचा वास होता. पाण्याचा एक थेंब यानं ऐकला, पानावर पडलेला. मग दुसरा.

तरी त्यानं विचारलं. काय विचारावं माणसानं अशा वेळी? त्यानं समोरच्या पट्ट्याकडे बोट केलं आणि म्हणाला,

"बाई... आता बरोबर दिसते का?"

...



मग टक. त्याच्या बाजूनं. टक, टक. त्याच्या पुढे. डाव्या वाटेनं. टॉर्चच्या उजेडात वाट रिकामी होती, आवाज मात्र चालला होता. पुढच्या झाडापाशी जाऊन थांबला. यानं तिथं जाऊन खूण केली, दहा पावलं मागे गेला, बघितली. मग आवाज पुढच्या झाडाकडे निघाला. असं करत करत उद्यानाच्या फाटकापर्यंत. तिथं तो बंद झाला.

पावणेदहाला यानं माझ्या घरी येऊन डबा आणि ब्रश परत दिला. मी ते लगेच कोठारात ठेवून कुलूप घातलं, किल्ली उशाखाली. चेहरा पांढराफटक पडला होता त्याचा. मी म्हटलं, "काय झालं?" म्हणाला, "झालं काम." आणि घरी जाऊन कपड्यांसकट आडवा झाला. त्याला वाटलं, सुटलो. बाईंनी खूण पाहिली, संपलं.

सकाळी साडेपाचला बायकोनं हलवून उठवलं. "अहो, घरात कशाला रंग मारलात? तेही दाराला!"

घराच्या दाराला आतल्या बाजूनं पिवळा पट्टा होता. ओला. बाहेर जाणाऱ्याला दिसेल असा. आणि खाली होता, याच्या छातीएवढ्या उंचीवर. हा उंच माणूस, स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीवर खूण करायचा. हा पट्टा ठेंगण्या माणसाच्या डोळ्यांसमोर येईल, असा होता.

त्यानं चपला घातल्या, दार उघडलं. समोर विजेच्या खांबावर एक पट्टा. कोपऱ्यावरच्या पाववाल्याच्या बंद फळीवर एक. औषधाच्या दुकानापाशी वळण होतं, तिथं अलीकडे एक, पलीकडे एक, म्हणजे चुकायला जागाच नको. सगळे त्याच उंचीवर. रस्त्यात चिटपाखरू नव्हतं. वाट कुठं चाललीय ते तिसऱ्याच खुणेला त्याला कळलं होतं. वर्षभर ती गल्ली चुकवूनच तो कामावर यायचा.

शेवटचा पट्टा बाईंच्या धाकट्या बहिणीच्या फाटकावर होता.

त्यानं दार वाजवलं. बहीण शाल गुंडाळून आली. याला बघून म्हणाली, "इतक्या सकाळी? बायको बरी आहे ना?" हा उंबऱ्याच्या आत गेला आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. हात मागे घालून मारलेला पट्टा. चाकू. चिखल. खिशातली साल. काही म्हणजे काही ठेवलं नाही. म्हणाला, "आज साहेबांनाही सांगणार आहे. त्यांनी काढलं तर काढू देत."

ती खुर्चीवर बसली. म्हणाली, "त्या दिवशी मलाही बोलावत होती ती. मी म्हटलं, मला कंटाळा आलाय, तू जा. वर्ष झालं, रोज रात्री मी म्हणते, मी गेले असते तर वाट चुकली नसती ती. ताईचं डोकं चालेनासं झालं होतं, असं लोक म्हणायचे. मीसुद्धा मान हलवायचे." मग डोळे पुसून म्हणाली, "म्हणजे ती चुकली नव्हती. खुणेप्रमाणेच चालली होती."

"हो," हा म्हणाला. "त्या बरोबरच चालल्या होत्या."

"क्षमाबिमा मला आज जमणार नाही. तुम्ही जा आता."

तो जायला वळला. आणि दाराच्या आतल्या बाजूला जे होतं, ते दोघांनी एकदमच पाहिलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. साहेबांनी चौकशी पुन्हा उघडली, त्याला सहा महिने बिनपगारी घरी बसवलं, मग कोठारात माझ्या हाताखाली घेतलं. बायको सावरली. पोरांची सहल त्या रविवारी ठरल्यासारखी गेली आणि अंधार पडायच्या आत सगळीच्या सगळी परत आली. मी सकाळी कोठार उघडलं तेव्हा डबा जागच्या जागी होता, ब्रश कोरडा, कुलूप मीच लावलेलं. आणि खांबावर, फळीवर, फाटकावर, याच्या घराच्या दाराला, कुठंही रंगाचा ठिपकासुद्धा राहिला नव्हता.

फक्त बहिणीच्या घरातली खूण तेवढी राहिली. तिनं नंतर दोनदा घराला रंग दिला, ते दार तसंच ठेवलं. मी स्वतः जाऊन बघून आलोय. दाराच्या आतल्या बाजूला, बाहेर पडणाऱ्याच्या समोर, ठेंगण्या बाईच्या डोळ्यांच्या उंचीवर एक पिवळा पट्टा आहे. बाईंनी केलेली, तिथून आपल्या घरी परतणाऱ्यासाठी.